रोजकीर्द आणि राखलेली प्रत

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. गोरा कुंभारांचें गांव म्हणून तें महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे. परंतु गोरोबांच्याहि सुमारें बारा शतकें आधीं या गांवाचें नांव एका परदेशी व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत लिहून ठेविलें होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या पुस्तकांत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची व मालाची माहिती आहे. त्यांत असें म्हटलें आहे कीं, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नांवाचें फार मोठें शहर आहे. तेथून साधें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखांतून भडोचच्या बंदरीं जात असे.

ही हकीकत आज वाचावयास मिळते ती एका प्रतीच्या कृपेनें. मूळ पुस्तक नष्ट झालें. दहाव्या शतकाच्या सुमारास कोणा लेखकानें उतरून घेतलेलें एक हस्तलिखित जर्मनींतील हायडेलबर्ग येथें आहे. लंडन येथें दुसरें आहे, पण तें या पहिल्यावरूनच मागाहून उतरलेलें. मूळ लेखन आणि ही प्रत यांच्यामध्यें सुमारें नऊशें वर्षांचें अंतर आहे. प्रतीच्या नशिबींहि प्रवास कांहीं चुकला नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत हायडेलबर्ग पडलें तेव्हां १६२३ सालीं तेथील ग्रंथसंग्रहाबरोबर ती रोमला गेली, १७९७ सालीं फ्रेंचांनीं ती पॅरिसला नेली, आणि १८१६ सालीं ती पुन्हां स्वस्थानीं आली. मधल्या नऊशें वर्षांत किती हातांनीं हें पुस्तक उतरलें आणि कोणत्या हातानें कोठें चूक केली, याचा कागद कोठेंच नाहीं. त्यामुळें संपादकांना ठिकठिकाणीं तर्कानेंच पाठ दुरुस्त करावा लागला.

प्रत वांचली, नांव वांचलें, पण गांव मात्र हरवलें. एकोणिसाव्या शतकांत विद्वानांनीं तगराचा शोध सुरू केला तेव्हां कोणी तें देवगिरीस नेऊन ठेविलें, कोणी जुन्नरास, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं धारूरचें नांव सुचविलें. १९०१ सालीं जॉन फेथफुल फ्लीट यांनीं तगर म्हणजे तेरच, असें साधार मांडलें, आणि तें पुढें सर्वमान्य झालें. आधार कसले होते? इसवी सन ६१२ मधील दुसऱ्या पुलकेशीचा एक ताम्रपट. त्यांत दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी म्हटला आहे. शिलाहार राजे स्वतःस तगरपुराचे अधिपति म्हणवीत, तीं त्यांचीं बिरुदें. नांवाचा उच्चार झिजत झिजत ‘तेर’पर्यंत कसा आला, त्याची परंपरा. म्हणजे पहिल्या शतकांतील एका दिवसाचें चित्र प्रतीनें दिलें. त्या दिवसानंतर काय काय झालें, हें मात्र सुटीं पानें गोळा करून जुळवावें लागलें. एवढी मलमल गाड्यांवर चढविणाऱ्या शहरांत हिशेब लिहिला जात नव्हता असें कोण म्हणेल? पण तो हिशेब गेला, आणि त्याच्याबरोबर शतकांचे दिवस गेले.

राखलेली प्रत आणि दिवसांची नोंद या दोन निराळ्या वस्तु आहेत. एकीनें दुसरीचें काम होत नाहीं. हिशेबनिसाला, दप्तरदाराला, आणि आज संगणकांतील माहिती सांभाळणाऱ्यालाहि हा भेद ध्यानीं ठेवूनच वागावें लागतें.

तगराच्या वैभवकाळींच नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेख कोरला गेला. ‘पेरिप्लस’मध्यें ज्या राजाचें नांव अपभ्रष्ट रूपांत आलें आहे असें बहुतेक विद्वान मानतात, त्या नहपानाचा जांवई उषवदात यानें एक लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें आणि तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेविले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं. व्याज मात्र चालवावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें, आणि लेखांत वीस भिक्षूंना चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण सांगितले आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. लेखांत पुढें असें आहे कीं, हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि रीतीप्रमाणें फलकावर नोंदविलें.

या शेवटच्या वाक्याकडे मुद्दाम लक्ष द्यावयास हवें. खरी नोंद फलकावर होती, म्हणजे त्या काळच्या दप्तरांत. दगडावरचा लेख ही तिची नक्कल. दगड टिकला, म्हणून देणगीच्या दिवशीं ठेव किती होती हें दोन हजार वर्षांनीं कवडीपर्यंत सांगतां येतें. परंतु त्यानंतर कोष्ट्यांनीं किती वर्षें व्याज भरलें, कोणत्या वर्षीं थकविलें, श्रेणी मोडली तेव्हां त्या ठेवीचें काय झालें, याविषयीं दगड मुका आहे. तें फलकांवर असावयाचें, आणि फलक राहिले नाहींत.

महाराष्ट्रांतील पेढीवर आणि सरकारी फडांत पुढें याच दोन वस्तूंना रोजकीर्द व खतावणी अशीं नांवें पडलीं. रोजकीर्दींत घडेल तसें, ज्या दिवसाचें त्या दिवशीं, क्रमानें लिहावयाचें. खतावणींत तेंच आसामीवार व खातेवार वेगळें काढावयाचें, म्हणजे कोणाकडे काय येणें आहे तें एका पानावर दिसतें. खतावणी उपयोगाची खरी. पण ती बुडाली तर रोजकीर्दीवरून पुन्हां मांडतां येते. रोजकीर्द बुडाली तर खतावणीवरून ती मांडतां येत नाहीं, कारण शिल्लक पाहून ती कोणत्या क्रमानें जमली तें कळत नाहीं. युरोपांतहि हीच व्यवस्था होती. लुका पाचोली यानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत व्यापाऱ्याच्या तीन वह्या सांगितल्या आहेत. त्यांतील मधल्या वहीचें नांव ‘जोर्नाले’, म्हणजे दिवसाची वही. ‘जर्नल’ हा शब्द त्याच कुळांतला. मराठी माणसास तो परका वाटण्याचें कारण नाहीं. रोजकीर्द या शब्दांतील ‘रोज’ तेंच सांगतो.

पेशवाईंत हुजूर दप्तरांत रोजकीर्द लिहिली जाई. सनदा, हुकूम, नेमणुका, जमाखर्च हीं त्या त्या तारखेखालीं चढत. वर्ष सुहूर सनाचें, महिना मुसलमानी, आणि लिपि मोडी. जुन्या मराठी कागदांवर अखेरीस ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे आढळतात. दप्तरांतून रीतसर नोंद होऊन कागद पुढें गेल्याच्या त्या खुणा. सरकारी कचेऱ्यांत आवकजावकीच्या वहीस अद्याप बारनिशी म्हणतात तें त्याच शब्दावरून. आधीं नोंद, मग कागद बाहेर, ही शिस्त वरवर पाहतां कारकुनी वाटते. परंतु नोंद न होतां सनद बाहेर पडली, आणि उद्यां ती खरी कीं बनावट असा वाद आला, तर निवाडा कशावर करावयाचा?

असा वाद आला आणि तोहि मोठ्या प्रमाणावर आला. पेशवाई गेल्यानंतर इंग्रज सरकारनें इनामांची चौकशी मांडली, १८५२ सालीं तिला कायद्याचें बळ दिलें, आणि इनामदारांनीं पुढें केलेले कागद पुण्याच्या दप्तराशीं ताडून पाहिले. पिढ्यानपिढ्यांचें उत्पन्न एका नोंदीवर टिकलें किंवा गेलें. या चौकशीनें लोकांत किती असंतोष माजला हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. न्यायाच्या बाजूनें पाहिलें तर तिचा एक दोष ठळक आहे: दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत दप्तराची हेळसांड झालेली होती. नोंद नाहीं म्हणून सनद खोटी, असें म्हणावयाचें तर आधीं वही सलग होती हें दाखवावें लागतें. वहींत खंड असेल, तर त्या खंडांत पडलेल्या माणसाचा काय अपराध?

वह्यांवर संकटें येतच. १७६३ सालीं निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें, तेव्हां पेशव्यांचें कुटुंब सिंहगडाकडे गेलें होतें. गडाच्या पायथ्याचें गांव शत्रूनें जाळलें आणि मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद त्यांत नाहींसे झाले, असें ग्रँट डफनें लिहून ठेविलें आहे. त्याच वर्षीं गोदावरीकांठीं राक्षसभुवन येथें या स्वारीचा सूड घेतला गेला, पण जळालेला कागद लढाई जिंकून परत येत नाहीं. खेड्यांतून अशा वेळीं गोतसभा भरे, वृद्ध जाणत्यांच्या साक्षी होत, आणि वतन कोणाचें याचा महजर होई. महजर हें मोठें शहाणपणाचें साधन होतें. तो जुनी वही पुन्हां उभी करीत नसे; ‘आजपासून हें असें धरावें’ एवढें तो ठरवी, आणि त्याच्यापुढें नवी नोंद सुरू होई.

हुजूर दप्तरांतील जें वांचलें त्यांतील रोजकीर्दींवरून गणेश चिमणाजी वाड यांनीं उतारे काढले, न्यायमूर्ति रानड्यांनीं त्यांवर प्रस्तावनापर निबंध लिहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ते छापून निघाले. इंग्रजींत त्यांस पेशव्यांच्या ‘डायऱ्या’ म्हटलें आहे. या शब्दानें पुष्कळांची दिशाभूल होते. पेशवे रात्रीं दिव्यापाशीं बसून मनोगत लिहीत नव्हते; ती राज्याची कीर्द आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतर पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादिले, ते या पुढचें पाऊल.

संगणकाचें युग आलें तेव्हां हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. बँकेचीं खातीं, रुग्णालयाचीं टिपणें, आगगाडीचीं आरक्षणें ज्या सांठ्यांत राहतात त्याला डेटाबेस म्हणतात. ती खतावणी होय. समजा, धाराशिवच्या एका खात्यांतून पांचशें रुपये वजा झाले आणि पुण्याच्या खात्यांत जमा होण्यापूर्वींच वीज गेली. रुपये कोठें गेले? अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीच्या संशोधकांनीं १९७० नंतरच्या दशकांत यावर जो नियम पक्का केला, आणि जिम ग्रे यांनीं १९७८ सालीं ज्याची मांडणी केली, तो बारनिशीचाच नियम आहे: बदल आधीं जर्नलमध्यें लिहावा, मग खतावणींत. भारतांत शिकलेले सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं ‘एरीज’ नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तिचें सूत्र फार सुंदर आहे. अपघातानंतर जर्नलमध्यें जें जें झालें तें तें सारें, अर्धवट राहिलेलेंसुद्धां, क्रमानें पुन्हां करावें. आणि मग अर्धवट राहिलेले व्यवहार तेवढे उलट क्रमानें मागें घ्यावे.

बॅकअप म्हणजे या खतावणीची राखलेली प्रत. रोज रात्रीं प्रत घेतली म्हणजे काम झालें अशी सामान्य समजूत असते. दुपारीं चार वाजतां यंत्र बिघडलें तर त्या प्रतीवरून काल रात्रीचें चित्र परत येईल. आज सकाळपासून आलेला प्रत्येक ग्राहक पुसला जाईल. तो परत आणणारी वही जर्नलच. म्हणून जर्नल मूळ सांठ्याच्या डिस्कवर न ठेवतां निराळ्या ठिकाणीं ठेवावें लागतें. नाहींतर सिंहगडाच्या पायथ्याचें गांव आणि वाडा एकाच आगींत जातात.

प्रत पुन्हां बसवितांना जर्नलविषयीं कांहीं निवडी कराव्या लागतात, आणि खरी परीक्षा तेथेंच आहे. जर्नल कोठपासून लावावें? कामकाज चालू असतांना घेतलेली प्रत एका क्षणाची नसते. तिचें पहिलें पान एक वाजतां उतरलें असेल, शेवटचें दोन वाजतां. मधल्या तासांत एका खात्याची वजाबाकी प्रतींत आली आणि दुसऱ्याची बेरीज राहिली, असें होऊं शकतें. म्हणून प्रत संपली त्या वेळेपासून नव्हे, तर ती घ्यावयास आरंभ झाला त्या खुणेपासून जर्नल लावावें लागतें. घाईंत ही खूण चुकते, आणि हिशेब वरून ठीक दिसत असूनहि आंतून विसंगत राहतो. विसंगति महिन्यांनीं उघडकीस येते. तोंपर्यंत त्या चुकीच्या शिलकेवर हजार नवे व्यवहार चढलेले असतात.

जर्नल कोठपर्यंत लावावें, हाहि प्रश्न सोपा नाहीं. यंत्र मोडलें असेल तर शेवटच्या पूर्ण नोंदीपर्यंत. परंतु एखाद्या माणसाच्या चुकीच्या हुकुमानें खातीं पुसलीं गेलीं असतील, तर जर्नल इमानानें तो हुकूमहि पुन्हां बजावील! अशा वेळीं त्या हुकुमाच्या आदल्या क्षणीं थांबावें लागतें. मग त्या क्षणानंतरचे चांगले व्यवहारहि सोडावे लागतात, आणि ते कोणाचे, किती, हें दप्तरदारानें आधींच पाहून ठेविलें पाहिजे. अमुक वाजतां थांबा असें यंत्रास सांगणें हें एका ओळीचें काम आहे. ती वेळ ठरविणें हें निवाड्याचें काम आहे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें तिसऱ्या निवडीकडे. प्रत बसली, जर्नल लागलें, आतां पुढची कीर्द कोणत्या वहींत लिहावयाची? जुन्याच वहीच्या पुढें लिहूं लागलें, तर टाकून दिलेले दिवस आणि नवे दिवस एकांत एक मिसळतात. एकाच क्रमांकाचीं दोन पानें होतात, आणि पुढच्या अपघाताच्या वेळीं कोणतें पान कोणत्या खतावणीचें हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसच्या २००५ सालच्या आवृत्तींत विवक्षित क्षणापर्यंत परत जाण्याची सोय आली. तिच्यांत अशा प्रत्येक पुनःस्थापनेनंतर नवी कालरेषा आपोआप सुरू होते. जुनें जर्नल नष्ट होत नाहीं. तें आपल्या जुन्या रेषेवर राहतें. जीटीएम या दुसऱ्या डेटाबेसमध्यें प्रत्येक नव्या जर्नलच्या शिरोभागीं मागील जर्नलचें नांव लिहिलेलें असतें, आणि बॅकअप घेतेवेळीं नवें जर्नल मागच्याशीं जोडलेलें ठेवावें कीं सांखळी तेथें तोडावी, हें सांगतां येतें. न सांगितल्यास सांखळी राहते. हाच मार्ग सामान्यतः शहाणपणाचा. कारण आजची प्रत नासकी निघाली, तर त्याच सांखळीनें कालच्या प्रतीवरून आजपर्यंत येतां येतें. सांखळी तोडणें म्हणजे महजर करणें. तें केव्हांतरी करावें लागतें, पण जें मान्य केलें तें पूर्णपणें तपासल्यावर, आणि तोडल्याबरोबर नवी प्रत उतरून घेऊन.

वेळ वांचविण्यासाठीं पुनःस्थापना चालू असतांना जर्नल बंद ठेवण्याचीहि पद्धति आहे. मोठा सांठा असेल तर तिनें काम लवकर उरकतें. मात्र जर्नल पुन्हां चालू करून ताजी प्रत घेण्यापूर्वींच जर ग्राहकांस दार उघडलें, तर तेवढे तास नोंदीवांचून जातात. दुसऱ्या बाजीरावाच्या दप्तरांत जसा खंड पडला तसाच हा खंड, फक्त वर्षांऐवजीं तासांचा.

तासांची किंमत काय असते हें ३१ जानेवारी २०१७ रोजीं दिसलें. जगभरचे प्रोग्रॅमर ज्यावर आपलें काम ठेवतात त्या गिटलॅब या संस्थेच्या मुख्य डेटाबेसचा सांठा एका कर्मचाऱ्यानें चुकीच्या यंत्रावर हुकूम देऊन पुसला. सुमारें तीनशें गिगाबाइट माहिती होती. बॅकअपच्या अनेक योजना कागदावर होत्या. पाहूं गेलें तों एक कित्येक दिवस चाललीच नव्हती, आणि दुसऱ्याही वेळेवर कामीं आल्या नाहींत. अखेर, चांचणीच्या कामासाठीं कोणीतरी सहा तासांपूर्वीं हातानें घेतलेली एक प्रत हातीं लागली, आणि तीच बसविण्यांत आली. त्या सहा तासांतील नोंदी मात्र परत आल्या नाहींत: सुमारें पांच हजार प्रकल्प, पांच हजार अभिप्राय आणि सातशें नवे सभासद. संस्थेनें सर्व प्रकार उघडपणें प्रसिद्ध केला, दुरुस्तीचें काम चालू असतांना तें लोकांस थेट दाखविलें, आणि त्यानंतर राखलेली प्रत ठराविक वेळीं खरोखर बसवून पाहण्याची व्यवस्था केली.